चेटकिणीची शेवटची पानं

प्रिय शलोमी,

पप्पांचा सलाम.

काल चर्चमधलं पुस्तकांचं कपाट आवरताना तुझं ते ड्रॅगनचं पुस्तक सापडलं. मंडळीतल्या पोरांनी जादूटोण्याचं वाचू नये म्हणून मीच त्याची शेवटची पानं फाडली होती. तू बारा वर्षांची होतीस. ‘पप्पा, चेटकिणीचं पुढं काय झालं?’ म्हणून आठवडाभर मागं लागलीस. मी न वाचताच सांगून टाकलं, ‘जळून मेली.’ त्या दिवशी तू जेवली नाहीस आणि नंतर माझ्याकडं कधी पुस्तक मागितलं नाहीस.

ती पानं तिथंच कपाटात होती. काल वाचली. गावातल्या पोरांचा जीव वाचावा म्हणून चेटकीण आपणहून ड्रॅगनच्या आगीत शिरते गं, आणि तिसऱ्या दिवशी राखेतून उठून येते. दर ईस्टरला मंडळीपुढं उभा राहून येशूबद्दल मी दुसरं काय सांगत आलो?

पानं डिंकानं चिकटवलीत. पुस्तक तुला आणि मल्लिनाथरावांना पाठवायचं आहे. पण तुमच्या लग्नाची पत्रिका मी न उघडताच परत केली होती, आणि तुझा पत्ता तिच्यातच होता.

तुझा,
पप्पा