‘बंद’ म्हणालीस तेव्हा

प्रिय वहिनी,

आज दुपारी दादानं माझ्या पाठीवर थाप मारून "शाबास" म्हटलं, आणि त्या क्षणापासून या घरात मान वर करून वावरणं मला जमेना. लहानपणापासून ज्या शब्दाची वाट पाहिली, तो आला तो असा. तुला जाऊन आठ महिने झाले. पत्र पोचणार नाही एवढं मलाही कळतं, कॉलेज अर्ध्यावर सोडलं असलं तरी.

झालं काय, न्हाणीघरातला पाइप पुन्हा सांध्यातून निखळला. मी पळत जाऊन रस्त्याकडच्या खड्ड्यातली मोठी तोटी लोखंडी चावीनं फिरवली. परसातला खालचा नळ सोडून पाइपातलं उरलेलं पाणी काढून टाकलं. सांध्यावर जुन्या धोतराची चिंधी आवळली आणि मगच मिस्त्रीला बोलावणं धाडलं. "आधी चावी, मग चिंधी, मग मिस्त्री. बोंब सगळ्यात शेवटी," असं तू म्हणायचीस ना?

मिस्त्रीनं चिंधीची गाठ बघितली आणि हसून कानडीत विचारलं, "यारप्पा कलिसिद्दु?" कुणी शिकवलं रे?

"सुम्ने," मी म्हटलं. असंच.

तेवढ्यात दादा कचेरीतून आला. कोरडं घर बघून थाप मारली आणि म्हणाला, "तुझ्या वहिनीला बिचारीला हे कधी जमलं नाही बघ. पाणी बघितलं की तिचा आवाजच फुटत नसे."

आणि मी ते तसंच चालू दिलं. याही खेपेला.

तो दिवस तुला आठवतो? हाच सांधा निखळला होता. तू दोन्ही तळव्यांनी तो दाबून धरलास आणि मला म्हणालीस, "गोंदू, चावी घेऊन तोटीपाशी उभा राहा. मी सांगितलं की फिरव. तोवर सांध्याखाली घागरी लावून भरून घेते, नंतर दिवसभर पाणी मिळायचं नाही." मी किती आनंदानं गेलो! का, ते तुला ठाऊक होतं. तोटीच्या खड्ड्यापासून समोरच्या घरातल्या त्या मुलीची, जिच्यात माझा जीव अडकला होता तिची, खिडकी दिसते. तिच्या भावानं आदल्याच दिवशी मला बजावलं होतं, पुन्हा इथं घुटमळलास तर तंगडी मोडीन.

खिडकीकडे बघत उभा होतो. आणि बाईमाणसाचा आवाज आला, "बंदऽ! बंदऽ!"

तुझा आवाज मला ओळखू येऊ नये? नऊ वर्षांचा असल्यापासून ज्या आवाजानं जेवायला बोलावलं, तो? पण माझे कान त्या खिडकीला टांगलेले, आणि कानही कानडी झालेले. "बंद" म्हणजे कानडीत "तो आला". मला वाटलं, तीच सावध करतेय, भाऊ आला म्हणून. डोकं फिरलं. हातात लोखंडी चावी होतीच. ती तशीच मुठीत धरून त्याला गाठायला धावलो. गल्लीत तो नव्हता, म्हणून थेट कॉलेजात गेलो, तोही तिथंच शिकायचा, आणि सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. चावी दुसऱ्या हातात राहिली, ही देवाची कृपा. माझं कॉलेज सुटलं ते त्या दिवशी. दादाला वाटतं, मन लागलं नाही म्हणून सोडलं.

ती त्या दिवशी घरातच नव्हती, हे मला पुढं कळलं. मावशीकडं गेली होती म्हणे. आता लग्न होऊन बंगळुरात असते. जाऊ दे. अजून जात नाही, पण जाऊ दे.

दोन तासांनी परतलो. मिस्त्री येऊन आपल्या चावीनं पाणी बंद करून गेला होता. शेजारच्या काकूंनी त्याला बोलावलं होतं. सांधा सोडून तू तोटीपर्यंत आली होतीस म्हणे. खड्डा उघडा, मी नाही, चावी नाही. मग परत जाऊन तो पाइप धरून बसलीस. तरी कोठीच्या खोलीत घोटाभर पाणी झालंच. तिथंच तुझी ट्रंक होती. ट्रंकेत तुझ्या वडिलांची मोडीतली पत्रं होती, ते गेल्यावर उरलेली तेवढीच. तू दोरीवर एकेक कागद वाळत घालत होतीस. अक्षर कुठंच नव्हतं, नुसती निळी ओल.

"साकु रे," एवढंच म्हणालीस. पुरे झालं. "पाय पूस आणि जेवायला ये."

संध्याकाळी दादानं विचारलं, "तू कुठं होतास?"

"तोटीपाशीच. वहिनीनं हाक मारलीच नाही."

तू माझ्याकडं बघितलंस. मग दादाला म्हणालीस, "खरंय. घाबरून माझा आवाजच फुटला नाही."

का म्हणालीस गं तसं? दादानं मला तेव्हाच फोडून काढलं असतं तर आज मी मोकळा असतो. तू वाचवलंस आणि मी वाचलेलाच राहिलो. दादा तो किस्सा पंक्तीत सांगायचा, तू वाढता वाढता हसायचीस, आणि मी ताटात बघायचो. त्या शेवटच्या तापात होतीस तेव्हा रोज उशाशी बसून ठरवायचो, आज सांगतो. तू एकदा विचारलंसही, "काही बोलायचंय का?" मी म्हटलं, पाणी हवं का?

आत्ता दादा बाहेर कट्ट्यावर शेजारच्या काकांना तेच सांगतोय. खिडकीतून ऐकू येतंय. "आमच्या घरात नळाचं डोकं एकट्या गोंदूलाच." काका हसतायत. आता तुझी पाळी येईल, तुझा न फुटलेला आवाज.

वहिनी, वचन देतो. त्याचं वाक्य पुरं होऊ देणार नाही. काकांच्या देखतच सांगेन, तू हाक मारली होतीस, एकदा नाही, गल्लीभर ऐकू जाईल अशी. चावी घेऊन पळालो तो मी. तुझी पत्रं बुडवली ती मी. मग दादा मारो की घराबाहेर काढो.

घडी घालायलाही थांबत नाही. बाहेर चाललोय. खोलीचं दार मागून ओढून घेतो, नाहीतर परत आत येऊन बसेन.

तुझा,
गोंदू