पाण्याचा अंदाज

८ नोव्हेंबर
माहेरहून तान्ह्या राजनंदिनीला घेऊन परवा हडपसरला आले. लग्नानंतर लगेच रणजित आणि मी जर्मनीला गेलो, त्यामुळे सासरी राहायची ही पहिलीच वेळ. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. सासऱ्यांनी पाळणा स्वतः रंगवलाय, एक बाजू अजून ओलीच आहे. बाळाला न्हाऊ घालायला सुशीलाबाई येतात. पाय पसरून बसतात, पोरीला पायांवर पालथी घेतात आणि कढत पाण्यानं असं शेकतात की ती दुपारपर्यंत झोपते. मी फार खूश आहे.

१७ नोव्हेंबर
जर्मनीत जंगलात फिरताना मला गोचीड चावली होती. लाइम नावाचा आजार झाला. औषधं घेतली, बरा झाला, निदान कागदावर तरी. आता गुडघे पुन्हा धरलेत, बोटांना मुंग्या येतात. इथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव कौतुकानं ऐकलं, रिपोर्ट नॉर्मल म्हणाले आणि झोप वाढवायला सांगितलं. तान्ह्या बाळाच्या आईला! रणजित म्हणतो, गोचीडसुद्धा इम्पोर्टेड लागते तुला.

२९ नोव्हेंबर
बोटं बधिर झालीत, आता तर कोपरापर्यंत गार-गरम कळत नाही. रणजितनं माझ्या हातातला चहाचा पेला घेतला आणि चटका बसून ओरडला. मला तो कोमट वाटत होता. घाबरून त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, रिपोर्ट वाच. नवऱ्याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

६ डिसेंबर
सुशीलाबाई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेल्या. उद्यापासून अंघोळ मी घालायची. मला पाण्याचा अंदाज येत नाही, थर्मामीटर आणू म्हटलं, तर पाण्याचा ताप कोण बघतं म्हणून घरभर हसू. सासूबाई म्हणाल्या, "रिपोर्टात काय बी नाय. कामाच्या वक्ताला बरी बोटं मरत्यात तुझी."

७ डिसेंबर
रणजित खराडीला ऑफिसात. सासरे बाहेर.
भीतीनं गार पाणी जास्तच मिसळलं होतं. सासूबाईंनी दारातूनच पाहिलं — वाफ कुठं हाय, पोरीला न्युमोनिया करशील — चुलीवरचं पातेलं बादलीत उपडं केलं आणि देवळात गेल्या. हात घालून बघा म्हटलं होतं मी. बघितलं नाही —
मी घातला. हात, कोपर. गारच लागलं —
फार रडली. सुशीलाबाईंकडेही रडायची —
आता गप्प आहे. दुपट्यात गुंडाळलीय. पेन सारखं सटकतंय. हाताला पाणी राहिलं असेल म्हणून पदराला पुसला, तर कातडीच पदराला —
दुपटं अजून उघडलं ना