अडुळशानं खोकला दबला

देहूरोड, ८ डिसेंबर १९६४

ती. दादांस, भिकाजीचा शि. सा. न. वि. वि.

सौ. लीलाला महिनाभर खोकला आहे. डेपोतल्या कंपाउंडरकडची लाल बाटली दोनदा संपली, उतार नाही. ती म्हणते, दादांच्या हातचं कडू औषधच लागू पडेल. कोणी इकडे येणार असेल तर अडुळसा पाठवावा. पोरी मजेत आहेत. लोभ आहे, तसाच राहू द्यावा.

मळवली, १३ डिसेंबर

चि. भिकाजीस अ. उ. आ.

पाला केरबासंगट धाडलाय. पिकली पानं तव्यावर गरम करून रस पिळायचा, दोन चमचे मधातनं द्यायचा. लय कडू लागंल, पण ती घेईल. तुझ्यावाणी थुंकून टाकायची न्हाई. सांजचा ताप येतो का, ते कळव. हितं भात झोडून झाला. थोरल्याचा आशीर्वाद हायेच.

देहूरोड, २७ डिसेंबर

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

खोकला बराच दबला. शेजारच्या दोघींनीही रस मागून नेला, तुमचं नाव झालं. ताप मात्र दिवेलागणीला येतो, आणि चोळ्या सैल होऊ लागल्या आहेत. पाला अजून पाठवावा. आपला, भिकाजी.

मळवली, ३० डिसेंबर

चि. भिकाजीस अ. उ. आ.

पाला धाडत न्हाई. तुझ्या वहिनीचं असंच झालतं. रसानं खोकला दबला, मी म्हनलं गुण आला. आठ महिने तेच पाजलं. गाव मला वैद्य म्हणत हुतं, मग घरचं माणूस डाक्तरकडं कसं न्यावं? रक्त पडलं तवा नेलं. डाक्तर म्हणाला, "उशीर केलात." ती कशानं गेली, हे मी कुणाला सांगितलं न्हाई. पत्र मिळंल त्याच दिवशी लीलाच्या छातीचा फोटो काढ.

देहूरोड, २० जानेवारी १९६५

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

उजव्या बाजूला डाग निघाला. क्षयच आहे. पण वेळेत आलात, बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले. रोज सुई, आणि गोळ्या वर्षभर. माझी अन् पोरींची तपासणी झाली, आम्ही ठीक आहोत. वहिनींबद्दलचं तुमचं पत्र लीलाला वाचून दाखवलं. लीला विचारते, दादांनी स्वतःची छाती कधी दाखवली का? उत्तर धाडावं, ती वाट पाहते आहे.

मळवली, २ फेब्रुवारी

चि. भिकाजीस व सौ. लीलास अ. उ. आ.

कधी दाखवली नव्हती. काल लोणावळ्याला जाऊन फोटो काढला. साफ हाय. डाक्तर म्हणाला, घरी जावा, तुमाला काय झालेलं न्हाई. बाहेरच्या बाकावर लय वेळ बसलो. मला काय झालं न्हाई, त्याचंच वाईट वाटत हुतं. लीलाची सुई चुकवू नका.

तुमचा, दत्तोबा