पुलावरचं अर्धं टेबल

ता. ४ सप्टेंबर

चि. धाकटीस दादाचे अनेक आशीर्वाद.

पूल बंद होऊन एकोणीस वर्षं झाली. तू पलीकडे अडकलीस, मी अलीकडे; पत्रं तेवढी जातात-येतात, हेच नशीब. इकडे तुझ्या वहिनीने नवीनच काढलं आहे. दोन्ही सरकारांची बोलणी नऊ वेळा फिसकटली आणि नऊही वेळा टेबलाशी एकही बाई नव्हती. म्हणून आता दोन्ही काठांवरच्या आणि लांबच्या बावीस देशांतल्या बायका पुलाच्या मध्यावर बसून बोलणार. टेबल अर्धं आमच्याकडचं, अर्धं तुमच्याकडचं. आमचं अर्धं माझ्या गळ्यात पडलं. मी म्हटलं, बायका जमून कधी लढाया थांबल्यात का? वहिनी म्हणाली, पुरुष जमून थांबल्या का? मी रंधा हातात घेतला.

पुलावर पुरुषांना बंदी आहे. म्हणजे तू तिकडच्या बायकांबरोबर मधोमध बसणार आणि मी पुलाच्या तोंडाशी अडसरापाशी उभा. मला सत्त्याहत्तरावं चालू आहे, इतक्या लांबून तुझं तोंडही दिसायचं नाही. असो. उंची तीस इंच. तुमच्या सुताराला बजावून सांग. जोडात फरक पडला तर चोवीस देशांत छी-थू होईल. मला घास गिळवत नाही.

दादा

ता. १५ सप्टेंबर

ती. दादास धाकटीचा शि. सा. न.

काळजी पोचली. आमचा सुतार मीच आहे. बाबा तुला शिकवायचे तेव्हा फळीचं दुसरं टोक कोण धरायचं? रंध्याला हात लावला की पोरीचं काम नाही म्हणून तूच खेकसायचास. इथे खेकसायला कोणी नव्हतं. हे गेल्यापासून अठरा वर्षं यांचं सुतारकामाचं दुकान माणसं चालवतात असं तुला वाटतं. माणसं आहेत, मी त्यांना चालवते. कळवलं नाही, कारण तुला रक्तदाब आहे.

बंदीचा नियम आमच्या समितीचाच, मलाही मोडता येत नाही. तू जेवत जा. वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढाच ठेव, काळजी कमी कर.

तुझी धाकटी

ता. २२ सप्टेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

तू सुतार! मला खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं. वहिनीला हे सहा वर्षांपासून ठाऊक होतं म्हणे. पुन्हा लिहितो, तीस इंच. पट्टीने मोज, विती घालू नकोस. तीस.

दादा

ता. ५ ऑक्टोबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

नीट पोचलीस ना? मी घरी येऊन जो आडवा झालो तो आज उठलो.

अडसरापाशी उभा होतो, तेवढ्यात वहिनी धावत आली. टेबलाला पायरी पडली आहे म्हणाली, आमचं वर, तुमचं दोन इंच खाली. खाली विटा लावा असं कोणी सुचवलं, पण पलीकडची सुतारीण ऐकेना. तिचं म्हणणं, उंच आहे ते कापायचं आणि ज्याने केलं त्यानेच कापायचं. समितीने हात वर करून ठराव केला आणि मला आत सोडलं.

तुझे केस सगळे पिकलेत. टेबल आडवं केलं, पाय तू धरलेस, करवत मी. लांबच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, उंच बाजू खाली आणणं हा कार्यक्रमच आहे. मग त्या बसल्या. सरकारी बोलण्यांतल्या निम्म्या खुर्च्या बायकांना मिळेपर्यंत दर महिन्याला इथेच बसू, असं दोन्ही सरकारांना लिहून टाकलं. तोवर मी परत अडसराबाहेर.

पाऊण तास मिळाला होता. त्यात मी घट्ट धर, हलवू नकोस, एवढंच चार वेळा म्हणालो.

तुझ्या अर्ध्या टेबलावर हात फिरवून पाहिला. असा सांधा घालणारी बाई दोन इंच चुकत नाही. हे मी वहिनीला बोललो नाही.

टेबल पुलावरच ठेवलं आहे. समितीला एवढं कळव की आमच्याकडचा एक पाय माझ्या हातून सूतभर जास्त कापला गेला आहे. पुढच्या बैठकीत डुगडुगेल. दुरुस्तीला माणूस लागेल.

लोभ असू दे.

तुझा दादा