वार पडेपर्यंत बैल सोडायचे नाहीत

आई, तुझ्या पणतीला मुलगी झाली. घरातच झाली, दवाखान्यात नाही. काल पाचवी पुजली. आज दुपारी सगळे जेवून आडवे झालेत, म्हणून तुला लिहायला बसलो आहे. तुला अक्षरओळख नव्हती आणि मी सातवीतून उठलेला. तू गेलीस त्यालाही चाळीस वर्षं होत आली. तरी लिहितो, कारण सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. दूध गॅसवर ठेवलं तरी ते उतू जाईपर्यंत मी तिथून हलत नाही, आणि शेवटी उतू जातंच.

सातव्या महिन्यात नात आपल्या भुईगावच्या घरी आली होती. जेवताना म्हणाली, "आजोबा, या वेळी मी माझ्या घरीच बाळंत होणार." माझा घास तोंडातच राहिला. तिचं पहिलं दवाखान्यात झालं होतं, सुखरूप झालं होतं. दवाखान्याबद्दल तिची तक्रार नव्हती. "पण दिवसभर उताणं निजवून ठेवलं, कोण कोण येऊन तपासून जायचं, आणि यांना दाराबाहेर. आता दुसरं आहे, बाळाचं डोकं खाली आहे, रक्त, दाब, सगळं नीट आहे. शिकलेली सुईण येणार आहे. दवाखाना दहा मिनिटांवर." तुझा नातू, म्हणजे तिचा बाप, भडकलाच. "पावलापावलावर दवाखाने झाले आणि ही निघाली मागे!" त्यावर आमची ही म्हणाली, "तू कुठे जन्मलास रे? या मधल्या खोलीतच ना?" तो म्हणाला, "हो, आणि तू मरता मरता वाचलीस." नात माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणूनच आजोबांना विचारते. पणजी सुईण होती, त्यांनी सगळं बघितलंय. आजोबा नको म्हणाले तर मी मुकाट्याने दवाखान्यात जाईन."

सगळ्यांत घाबरट माणसाच्या हातात तिने ते दिलं. पुढचे आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. हो म्हटलं आणि काही झालं तर? नको म्हटलं तर ते तिच्यासाठी की माझ्या भीतीसाठी? डोळ्यांसमोर सारखी तू येत होतीस. कोणाच्याही अंगणात पाय ठेवलास की बाळंतिणीच्या आधी तू बैल बघायचीस. "गाडी कुठाय? जुंपून दाराशी आना, मगच मी आत जाते." लोक हसायचे. म्हणायचे, सुईणीचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही. तू म्हणायचीस, "माज्या हातावर हाय. रगतावर कोनाचं चालतं?" जुळं वाटलं, मूल आडवं वाटलं, बाईच्या तोंडावर सूज दिसली, की तू हातच लावायची नाहीस. त्याच गाडीत बसून तिच्याबरोबर वसईच्या दवाखान्यात जायचीस. आणि मूल रडलं म्हणून बैल सोडू द्यायची नाहीस. मुलामागून नाळेसकट वार पडायची असते, ती पडेपर्यंत गाडी दाराशी. तुझा हा नियम साऱ्या आळीला पाठ होता.

तो मोडला मी, तुझ्या पोटच्या पोराने. चैत्रातली दुपार होती. हिचं पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, दुसरं तुझ्या हाताखाली. मी गाडीपाशी उभा. आतून मूल रडल्याचा आवाज आला आणि मी बैल सोडून वाडीतल्या विहिरीवर घेऊन गेलो. थोड्या वेळाने तुझी हाक आली. धावत आलो तर तू दारात, कोपरापर्यंत हात लाल, आणि समोर मोकळी गाडी. "कोनी सोडले बैल?" मी म्हणालो, "तहानले होते." दोन लेकरांचा बाप झालेल्या मला तू थोबाडीत मारलीस. मग स्वतःच जू उचललंस. दवाखान्यापर्यंत सगळ्या वाटेने तू हिच्या ओटीपोटावर मूठ दाबून बसली होतीस. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. डॉक्टरने उशीर का केला म्हणून विचारलं तेव्हा मी तोंड उघडणार इतक्यात तू म्हणालीस, "माजा अंदाज चुकला."

ही वाचली. पण म्हातारीचा अंदाज आता चुकतो, असं आळीत झालं आणि तुला बोलावणी कमी यायला लागली. तू कधी ते खोडून काढलं नाहीस. घरातही नाही. मीही नाही.

नवव्या दिवशी नातीला फोन केला. म्हटलं, "आधी तुझी सुईण मला दाखव." तिच्या घरी गेलो तेव्हा सुईण आली. तिशी-पस्तिशीची, परिचारिकेचं शिक्षण घेतलेली, पाठीला शाळेच्या पोरासारखं दप्तर. त्यात रक्त थांबवायचं इंजेक्शन, बाळासाठी प्राणवायूची छोटी नळकांडी. मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते. ते काढेपर्यंत तिनेच नातजावयाला धरलं. "गाडी खाली कुठे लावणार? पुढे दुसऱ्याने लावली तर? तुम्ही हिच्यापाशी असाल, मग चालवणार कोण? लिफ्ट बंद पडली तर दोन मजले कसं उतरवायचं?" दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना तिने आधीच कळवून ठेवलं होतं. मी कागद खिशात परत ठेवला. तिला तुझी आणि बैलांची गोष्ट सांगितली, सोडले कोणी तेवढं सोडून. आणि नातीला म्हणालो, "माझी ना नाही. पण गाडीत मी बसणार."

कळा सकाळी सुरू झाल्या. नातीच्या इमारतीखाली गाडीचं तोंड फाटकाकडे करून ठेवलं होतं. चालवायला तळमजल्यावरचा रिक्षावाला, आणि शेजारी मी. अकरा वाजता तो म्हणाला, "काका, चला, कोपऱ्यावर चाय मारून येऊ." म्हटलं, "तू जा. चावी ठेव." "तुम्हाला चालवता येते?" "नाही. चावी ठेव." तो बिचारा गेलाच नाही. मग दीडच्या सुमाराला वरून मुलगा ओरडला, "बाबा, मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत, वर या!" मी खिडकीतून डोकं काढून ओरडलो, "वार पडली का?" "काय?" "वार! सुईणीला विचार!" गॅलऱ्यांतून बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "अहो आजोबा, पुन्हा पणजोबा झालात, आता तरी उतरा!" रिक्षावाल्याने पट्टा काढायला हात घातला, तो मी धरून ठेवला. वीसेक मिनिटांनी सुईण स्वतः गॅलरीत आली. "आजोबा, पडली. सगळी आलीय, मी उलटून पालटून बघितली. रक्त बेताचंच आहे. आता बैल सोडा."

घर बरं की दवाखाना, हे मला अजूनही कोणाला सांगता येणार नाही. नातीचं सगळं सरळ होतं आणि दाराशी गाडी होती, एवढंच मला कळतं. ते कळलं ते तुझ्यामुळे. ती मुलगी माझ्या मांडीवर ठेवली तेव्हा तुझाच हात पाठीवर आहे असं वाटलं.

त्याच संध्याकाळी ही माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या बैलांची घुंगरं मला आतून ऐकू आली होती. विहिरीकडे जाताना." मी म्हणालो, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" म्हणाली, "सासूबाईंनी शपथ घातली होती. म्हणाल्या, बोलू नको, जन्मभर कुढत बसेल." मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "तरी कुढलातच."

म्हणजे तुम्ही दोघींनी मला सांभाळलंत, आणि मला पत्ता नाही. हा कागद मी हिच्या औषधांच्या डब्याखाली ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? पण एक गोष्ट हिलाही ठाऊक नाही, तुलाही मी खोटं सांगितलं होतं. बैलांना तहान नव्हती. सकाळीच त्यांना पोटभर पाणी दाखवलं होतं. आतलं हिचं कण्हणं मला ऐकवत नव्हतं. मूल रडलं आणि मला तिथून निघून जायला निमित्त मिळालं.