दुसरी स्टेज

१२ जाने., सोम.
शोभाचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तिला वजन करायला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. तेव्हाच समजलो. पित्ताशयातून लिव्हरमध्ये गेलंय.
"काका, फोर्थ स्टेज आहे."
"एकूण किती असतात?"
"चारच."
एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. आमच्याकडे सहा किलोमीटरची एक स्टेज, तशी तिकिटं फाडली. चौथी म्हणजे पेठच्या गाडीचा निम्मा रस्तासुद्धा होत नाही. डोकं तिथंच जाऊन बसलं. वेड्यासारखं.
बाहेर शोभा बाकावर, पर्स मांडीत धरून. "काय म्हणाले?"
"दुसरी स्टेज." तोंडातून निघून गेलं.
"म्हणजे लवकर कळलं."
"हो."
येताना रिक्षा थांबवून मेथीची जुडी घेतली तिने. घासाघीस करून.

१५ जाने.
सगळीकडे तिनेच फोन केले. मनीषालाही. आमची एकुलती एक, नागपूरला असते. आधी रडली, मग सावरली. मला म्हणाली, "बाबा, दुसरीच ना? मग मे महिन्यात येते, चांगली महिनाभर. आत्ता ओमची दहावी आहे." मी म्हटलं, बरं.
डॉक्टर म्हणालेत दोन-तीन महिने. बोटं दुमडून पाहिली. मे येत नाही.
मनीषाला खरं सांगितलं तर तिला लपवता येणार नाही. तिचं सगळं आवाजातच कळतं. आणि मग शोभाला...

१८ जाने., रवि.
दत्तू येऊन गेला. शोभाचा धाकटा भाऊ, दिंडोरीकडे द्राक्षबाग. येताना हुरडा घेऊन आला. "अक्का, दुसरी म्हंजी काय नाय. आमच्यात बी स्टेज वळखून औषध मारलं की माल वाचतो." शोभा खूप दिवसांनी हसली. बागेत सध्या मण्यांत पाणी उतरायची स्टेज आहे म्हणे, पाऊस पडला तर मणी तडकतील. म्हणून लगेच निघाला.
गेटपर्यंत सोडायला गेलो. तिथं खरं सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं.
"दाजी, मंग तिला का नाय सांगत?"
"तू सांग. जा वर."
गेला नाही. किक मारत राहिला, गाडी सुरूच होईना.

२१ जाने.
पहिली केमो. सहा तास. शेजारच्या खुर्चीतल्या बाईने विचारलं, "तुमची कितवी?" शोभा म्हणाली, "दुसरी." बाई म्हणाली, "माझी पाचवी." शोभाचा चेहरा उतरला, माझ्याकडे पाहिलं. बाई केमोचं सांगत होती. मग दोघी हसल्या. मी पाणी आणायला उठलो.
घरी आल्यावर चार उलट्या.

२४ जाने., शनि.
कॉलनीचं हळदीकुंकू. हिचा सत्कार. नको म्हटलं, ऐकलं नाही. आम्ही पुरुष मागच्या खुर्च्यांवर. "शोभाताईंनी स्टेजवर यावं." तीनच पायऱ्या, दोनदा थांबली. माईक हातात धरून म्हणाली, "मला दुसऱ्या स्टेजला कळलं म्हणून मी आज उभी आहे. बायांनो, पोटात दुखलं तर अंगावर काढू नका."
केवढ्या टाळ्या. शालीत ती एवढीशी दिसत होती. मीही वाजवल्या.
वाटेत विचारते, "बरं बोलले ना?"
"छान बोललीस."

३१ जाने.
काही नाही. दोन घास वरणभात. तेही माझ्यासाठी म्हणून खाल्ले असावेत.

३ फेब्रु., मंगळ.
डोळे पिवळे दिसतात. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, होणारच.
दुपारी बघतो तर फाइल उघडून बसलेली, चष्मा लावून. कपाटावर ठेवली होती मी. स्टुलावर कशी चढली कोण जाणे.
"अहो, इथे स्टेजच्या पुढे आय आणि व्ही लिहिलंय. हे सलाईनचं ना? तिथल्या नर्स आयव्ही आयव्ही म्हणत असतात."
रोमन चार.
"हो, सलाईनचंच."
थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग "असं होय" म्हणून फाइल मिटली.
तीस वर्षं बालवाडी चालवली हिने. रोमन आकडे येत नसतील? खरंच विचारलं की मला पारखलं, कळेना. जेवण गेलं नाही.

६ फेब्रु., शुक्र.
ठरवलं, मनीषाला सांगून टाकायचं. शोभाचा डोळा लागला तसा गच्चीवर गेलो, फोन लावला. माझ्याआधी तीच रडायला लागली.
"काल आईचा फोन होता. फोर्थ स्टेज आहे म्हणाली. परीक्षा संपायची वाट बघू नको म्हणाली. मी रविवारी येतेय."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"बाबा, तुम्हाला सांगू नको असं तिने बजावलं होतं. पण मला नाही जमत. म्हणाली, त्यांना ते सलाईनचं वाटतंय, वाटू दे. कळलं तर जेवायचे नाहीत."
मला माहीत होतं, पहिल्या दिवसापासून, हे मनीषालाही सांगता आलं नाही. "बरं, ये" म्हटलं आणि ठेवला. खाली कुणाच्या तरी पापड्या वाळत होत्या, त्या बघत उभा राहिलो.
घरात आलो. शोभा उठून बसली होती.
"कुणाचा फोन?"
"मनीषाचा. रविवारी येते म्हणतेय. सहजच."
"सहजच?"
"हो."
"येऊ दे. उद्या गाद्या उन्हात टाका. धुतलेल्या चादरी खालच्या कप्प्यात आहेत."
मग भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी शेजारी बसलो. झोपली नव्हती.