टॅग लावलेला डबा

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५, दुपारी ४.१०
शेजारच्या द्वारकाबाईंनी माझ्या मांडणीवरचा स्टीलचा पोळ्यांचा डबा माझ्यासमोर उचलला. वर म्हणतात, "न्हेते हो बाई, आमचा डबा लई दिवस ऱ्हायला तुमच्याकडं." आमचा! दिवसाढवळ्या दरोडा. मी चहा विचारला नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
त्यांना ठाऊक नाही, गेल्याच महिन्यात मी घरातल्या प्रत्येक भांड्याखाली एनएफसी टॅग चिकटवलाय. मोबाइल टेकवला की मालकिणीचं नाव दिसावं, अशी सोय. या डब्याखाली आधीच काही कोरलेलं होतं. चष्म्याशिवाय 'चंद्रप्रभा' एवढं दिसलं. माझंच नाव, पुरे. कोरीव अक्षरं गावंढळ दिसतात, म्हणून टॅग नेमका त्यावरच लावला.

५ ऑगस्ट
ठरलं. टॅग वाचणारं वेबपेज मीच जावास्क्रिप्ट या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिणार. कॉन्व्हेंटात सिस्टरच्या छडीखाली इंग्रजी ग्रामर शिकलेल्या बाईला हे काय अवघड! उद्या होईल.

७ ऑगस्ट
झालं नाही. लॅपटॉप म्हणतो, टॅग-रीडर म्हणजे काय, मला माहीत नाही. मग कुणाला माहीत असणार? पुण्याच्या भाचीला, इराला फोन. म्हणे, "मावशी, ते फक्त अँड्रॉइडच्या क्रोमवर चालतं." आधी सांगायला काय झालं होतं? तिच्याशीही बोलणं बंद.

८ ऑगस्ट
फोनने टॅग वाचायची परवानगी मागितली. माझ्या घरात, मला! 'ब्लॉक' दाबलं. ते सेटिंगमधून काढण्यात संध्याकाळ गेली.

९ ऑगस्ट
टेबलावरचा सुटा टॅग वाचला! सोमवारी द्वारकाबाईंकडे भजन. तिथेच पंचनामा. दारच्या ओट्यावर हल्ली एकटी बसते. शांतता उत्तम. चहा मात्र दोन कपांचाच होतो.

११ ऑगस्ट, सायंकाळी
भजन संपताच उठले. डबा बाहेर मागवला, उपडा केला, फोन टेकवला. काही नाही. पुन्हा. काही नाही. पलीकडच्या शरणम्मा म्हणाल्या, "जोरात हाक मारा की, ऐकू आलं नसंल." बायका खिदळल्या. नाइलाजाने इराला फोन. "स्टीलवर साधा टॅग वाचला जात नाही गं मावशी. सोलून काढ."
सोलला. हातावर लगेच वाचला: 'मालकीण चंद्रप्रभा.' म्हटलं, बघा! सगळ्या डब्याच्या बुडाकडे बघत होत्या. चष्मा लावला.
'द्वारकाबाईंस वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट. चंद्रप्रभा.'
द्वारकाबाई म्हणाल्या, "आता तर न्हेऊ का आत? का शेंगाची पोळी भरून देऊ?"
डबा मी भेट दिला होता, हे त्यांनी चार तारखेलाच स्पष्ट का सांगितलं नाही? लेखी खुलासा गुरुवार, १४ ऑगस्ट, सायंकाळी पाचच्या आत हवा. चहाची वेळ आहे. स्वतः आणून द्यावा.